नऊ दिवसांचा चौक

रस्ता म्हणजे काय, असा प्रश्न कोणी केला तर आपण चटकन सांगूं कीं, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्याची वाट. हें उत्तर खरें आहे, पण अर्धेंच खरें आहे. गांवच्या पारावर बसलेला माणूस कोठें जात नसतो. नदीच्या घाटावर, देवळाच्या ओवरींत, वाड्याच्या ओट्यावर किंवा आळीच्या कोपऱ्यावर जीं माणसें जमतात, तींहि कोठें पोंचण्यासाठीं जमत नाहींत. तीं बसतात, बोलतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळतात आणि दिवेलागणीला उठून घरीं जातात. समाज म्हणून आपली जी एकमेकांशीं ओळख असते, ती पुष्कळशी अशा बिनकामाच्या बसण्यांतूनच झालेली असते.

मोठ्या शहरांत या बसण्या-थांबण्याच्या जागा एकेक करून नाहींशा होत जातात. रस्ता रुंद होतो तो वाहनांसाठीं. पदपथ अरुंद होतो तोहि वाहनांसाठींच. जें मैदान मोकळें राहतें त्याला कुंपण पडतें, आणि जो कोपरा उरतो तेथें मोटारी उभ्या राहतात. अशा स्थितींत वाटेवर थांबलेला माणूस हा वाहतुकीचा अडथळा ठरतो. आपणहि हळूहळू तसेंच मानूं लागतों आणि मान खालीं घालून, पाऊल उचलून, घर ते कचेरी व कचेरी ते घर एवढाच शहराशीं संबंध ठेवतों.

या संवयीला धक्का देण्यासाठीं अलीकडच्या काळांत जगांतील अनेक शहरांत रचनाकलेचे उत्सव भरूं लागले आहेत. रचनाकला म्हणजे चित्रें टांगणें एवढेंच नव्हे. खुर्ची कशी असावी, दिवा कोठें असावा, पायरी किती उंच असावी, सावली कोठें पडावी, या सर्व गोष्टींचा विचार रचनाकार करीत असतो. आणि या उत्सवांत तो विचार बंद दालनांत न मांडतां भर रस्त्यावर मांडला जातो. लंडनमध्यें २००३ पासून दर सप्टेंबरांत असा उत्सव होतो. आपल्याकडे या जातीचें सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मुंबईचा काळा घोडा कला-महोत्सव. त्याच्याच आधारें हा विषय आज समजावून घेऊं.

प्रथम त्या जागेची हकीकत पाहिली पाहिजे, कारण तिच्यांतच प्रश्नाचें मूळ आहे. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी १८६० नंतरच्या कांहीं वर्षांत, सर बार्टल फ्रियर हे गव्हर्नर असतांना, पाडण्यांत आली. तट गेला, तरी त्याचें नांव ‘रॅम्पार्ट रो’ या रस्त्याला चिकटून राहिलें. आज त्या रस्त्याचें नांव कैखुश्रू दुभाष मार्ग असें आहे. मोकळ्या झालेल्या या पट्ट्यांत पुढें एकाहून एक देखण्या इमारती उठल्या. लोखंडी सांगाड्याची वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकांतली. तेथेंच ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईंत पहिल्यानें दाखविण्यांत आलीं. डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० चें, तर शेजारची एल्फिन्स्टन कॉलेजची वास्तु १८८८ ची. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणें बांधलेलें वस्तुसंग्रहालय १९२२ त लोकांस खुलें झालें. पुढें १९५२ त जहांगीर कलादालन आणि १९९६ त सर कावसजी जहांगीर सभागृहांतील राष्ट्रीय आधुनिक कलादालन यांची भर पडली.

आतां घोड्याविषयीं. १८७५-७६ सालीं हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढील सातव्या एडवर्ड बादशहाचा, अश्वारूढ पुतळा सर अल्बर्ट ससून यांनीं शहरास भेट दिला. सर जोसेफ एडगर बोएम या शिल्पकाराचें तें काम. त्याचें अनावरण १८७९ सालीं झालें. पुतळा होता राजपुत्राचा, परंतु लोकांनीं नांव ठेवलें तें त्याच्या काळ्या घोड्याचें. स्वातंत्र्यानंतर, १९६५ सालीं, तो पुतळा तेथून हलविण्यांत आला आणि भायखळ्यास जिजामाता उद्यानाच्या आवारांत ठेवण्यांत आला. राजा गेला, घोडाहि गेला. राहिलें तें लोकांनीं दिलेलें नांव. जेथें पुतळा होता, त्या जागेचा उपयोग मोटारी उभ्या करण्यासाठीं होऊं लागला.

म्हणजे स्थिति अशी झाली कीं, हाकेच्या अंतरावर संग्रहालय आहे, दोन कलादालनें आहेत, ग्रंथालय आहे, महाविद्यालय आहे. पण या सर्वांना जोडणारा जो रस्ता, तो मात्र कोणाचाच नाहीं. कला भिंतींच्या आंत आणि मोटारी भिंतींच्या बाहेर. कलादालनाच्या पायऱ्या चढण्याचा धीर ज्याला होत नाहीं, त्याला आंत काय चाललें आहे याचा पत्ता लागावयाचा नाहीं.

१९९५ सालीं मुंबईंतील जुन्या वास्तूंच्या संरक्षणासाठीं नियम करण्यांत आले. त्यानंतर १९९८ सालीं या परिसराची काळजी वाहण्यासाठीं काळा घोडा असोसिएशन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ सालीं पहिला महोत्सव भरला. तो साधारणपणें जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभीं, शनिवारी सुरू होऊन पुढच्या रविवारी संपतो. असे नऊ दिवस. प्रवेशमूल्य नाहीं. या दिवसांत रॅम्पार्ट रोवरील मोटारी हटतात आणि त्यांच्या जागीं मांडणशिल्पें उभीं राहतात. नृत्य, संगीत, नाट्य, साहित्य, चित्रपट, मुलांचे खेळ, जुन्या वास्तूंभोवतीं जाणकारांबरोबर फेरफटका, असे अनेक विभाग असतात; नगररचना व वास्तुकला यांचाहि एक विभाग असतो. 

मांडणशिल्प हा शब्द कांहीं श्रोत्यांस नवा वाटेल. पुतळा चौथऱ्यावर उभा असतो व आपण त्याच्याकडे खालून पाहतों. मांडणशिल्प जमिनीवर, आपल्याच पातळीवर असतें. त्याच्या भोवतीं फिरतां येतें, पुष्कळदां आंतहि शिरतां येतें. तें डब्यांचें, दोऱ्यांचें, बांबूचें, मोडक्या सायकलींचें, कशाचेंहि असूं शकतें. ‘यांत कला ती कोणती?’ असा प्रश्न एखादे आजोबा विचारतात, नातू त्यांना कांहीं तरी समजावून सांगतो, आणि शेजारी उभी असलेली अनोळखी बाई त्यांत आपलें मत घालते. शिल्प चांगलें असो वा सामान्य, हा संवाद घडला कीं त्याचें निम्मे काम झालें.

हें काम कसें घडतें याचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. विल्यम व्हाइट या अमेरिकन निरीक्षकानें न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे रोखून, माणसें कोठें बसतात, कोठें थांबतात आणि कोठून निघून जातात, याचीं टिपणें केलीं व तीं १९८० सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. त्याचे निष्कर्ष इतके साधे आहेत कीं, ऐकून हसूं यावें. माणसें तेथें बसतात जेथें बसावयास जागा असते. माणसांना सर्वांत अधिक आकर्षण माणसांचेंच असतें. हलवितां येणारी खुर्ची दिली, तर बसणारा ती चार बोटें तरी सरकवितोच. त्या सरकविण्यानें ती जागा क्षणभर त्याची होते. आणि दोन अनोळखी माणसें एकमेकांशीं बोलावयास हवीं असतील, तर त्यांच्यासमोर तिसरें कांहीं तरी असावें लागतें: एखादा डोंबारी, एखादें वाद्य, एखादें विचित्र शिल्प. या तिसऱ्या वस्तूमुळें जो त्रिकोण तयार होतो, त्यांतून परकेपणा वितळतो.

हे निष्कर्ष साधे असले तरी ते कायद्यांत उतरले. न्यूयॉर्कनें १९६१ सालीं असा नियम केला होता कीं, जो बांधकाम करणारा आपल्या इमारतीपुढें मोकळा चौक सोडील, त्याला अधिक मजले चढवितां येतील. चौक पुष्कळ सुटले. पण त्यांतले कित्येक ओसाड होते, बसावयास कठडासुद्धां नव्हता. व्हाइटच्या अभ्यासाचा आधार घेऊन १९७५ सालीं नियम सुधारले गेले आणि बैठकांची सोय करणें बंधनकारक झालें. जागा मोकळी असणें वेगळें आणि ती लोकांची असणें वेगळें, हा धडा त्यांतून मिळतो.

आतां कोणी म्हणेल, चौक सुधारावयाचा तर सरळ सुधारावा. त्यासाठीं उत्सवाचा खटाटोप कशाला? याचें उत्तर असें कीं, रस्त्याविषयींचें भय हें कागदावरच्या नकाशानें जात नाहीं. वाहनें बंद केलीं तर धंदा बुडेल, असें दुकानदाराला वाटतें. कोंडी होईल, असें पोलिसाला वाटतें. टोळकीं जमतील, असें रहिवाशाला वाटतें. हीं भयें खरीं कीं खोटीं, हें सभा भरवून ठरत नाहीं. प्रत्यक्ष करून पाहिलें म्हणजे ठरतें. थोड्या दिवसांसाठीं केलेला बदल फसला तर संध्याकाळीं खुर्च्या उचलून नेतां येतात. म्हणूनच अधिकाऱ्याला त्याला परवानगी देण्याचें धैर्य होतें.

याचे दाखले पाहा. कोपनहेगन शहरांतील स्त्रॉयेट हा मुख्य बाजाराचा रस्ता १९६२ च्या नोव्हेंबरांत प्रयोग म्हणून वाहनांना बंद करण्यांत आला. व्यापाऱ्यांनीं विरोध केला. परंतु पायीं चालणारा गिऱ्हाईक दुकानापुढें थांबतो, हा अनुभव आला आणि १९६४ सालीं तो बदल कायम झाला. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून जाणारा ब्रॉडवेचा तुकडा २००९ च्या मे महिन्यांत वाहनांना बंद झाला, तेव्हां तेथें अंगणांत वापरावयाच्या स्वस्त घडीच्या खुर्च्या मांडण्यांत आल्या होत्या; पुढील वर्षीं ती जागा कायमची पादचाऱ्यांची झाली. सॅन फ्रान्सिस्कोंत ‘रीबार’ नांवाच्या कलावंत-मंडळीनें २००५ सालीं मोठी मौज केली. मोटार उभी करण्यासाठीं रस्त्याच्या कडेला मीटरमध्यें नाणीं टाकावीं लागतात. या मंडळींनीं नाणीं टाकलीं, पण मोटार उभी केली नाहीं; त्या जागेवर हिरवळ अंथरली, एक झाड ठेवलें आणि एक बाक मांडलें. दोन तासांचें भाडें भरलें होतें, तेवढा वेळ ती बाग टिकली. पण एका मोटारीच्या जागेंत किती माणसें बसूं शकतात, हें सर्वांनीं पाहिलें. २०१० पासून त्याच शहराच्या परवानगीनें अशा छोट्या बैठका रस्त्याच्या कडेला रीतसर उभ्या राहूं लागल्या.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती घरोघरच्या जिव्हाळ्याची आहे. पुरुष नाक्यावर उभा राहिला तर त्याला कोणी कां म्हणून विचारीत नाहीं. मुलगी उभी राहिली तर ‘कोणाची वाट पाहतेस?’ असा प्रश्न येतो. निदान नजरेनें तरी येतो. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनीं मुंबईंतील स्त्रियांच्या वावराचा अभ्यास करून २०११ सालीं ‘व्हाय लॉयटर?’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, स्त्रीला घराबाहेर दिसण्यासाठीं नेहमीं कांहीं तरी काम दाखवावें लागतें: हातांत पिशवी, कानाला फोन, बरोबर मूल. कारणावांचून रेंगाळण्याचा अधिकार हाच नागरिकत्वाचा खरा भाग होय. उत्सव तें कारण पुरवितो. त्या नऊ दिवसांत मैत्रिणींच्या जोड्या कठड्यावर बसतात, एखादी बाई एकटीच शिल्पांमधून हिंडते, आणि कोणी कपाळाला आठी घालीत नाहीं. दहाव्या दिवशीं तोच कठडा पुन्हां परका होतो. उत्सवाची थोरवी आणि त्याची मर्यादा, दोन्ही यांत दिसतात.

मर्यादांचा विचार टाळून चालणार नाहीं. पहिली मर्यादा आवाजाची. ध्वनिप्रदूषणासंबंधींच्या २००० सालच्या नियमांनीं रुग्णालयें, शिक्षणसंस्था व न्यायालयें यांच्या सभोंवार शांतता-क्षेत्राची योजना केली आहे. आणि काळा घोडा परिसर म्हणजे तर कॉलेजें, ग्रंथालय व जवळच उच्च न्यायालय. ग्रंथालयांत वाचीत बसलेला विद्यार्थी हाहि सार्वजनिक जागेचाच उपभोग घेत असतो; त्याची शांतता मोडून दुसऱ्यांनीं आनंद करावा, हें न्यायाचें नव्हे. दुसरी मर्यादा गर्दीची. ज्या जागेंत थांबण्याचें सुख द्यावयाचें, तेथेंच रेटारेटी झाली कीं वृद्धांस व लहान मुलांच्या आयांस ती जागा बंद झाल्यासारखीच. तिसरी मर्यादा द्रव्याची. प्रवेश विनामूल्य ठेवावयाचा म्हणजे खर्च कोणी तरी सोसला पाहिजे. तो सोसणारा आपली पाटी लावतो. पाटी कोपऱ्यांत असेल तोंवर हरकत नाहीं; तिची कमान झाली कीं चौक लोकांचा न राहतां दुकानाचा होतो.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. जहांगीर कलादालनाबाहेरच्या पदपथावर चित्रकार वर्षभर आपलीं चित्रें मांडून बसतात. आसपास पुस्तकें, वस्तु, खाद्यपदार्थ विकणारे असतात. सार्वजनिक जागेचा कल्पक उपयोग हा शब्दप्रयोग ज्यांनीं कधीं ऐकलाहि नसेल, अशा या लोकांनीं तो उपयोग कितीतरी वर्षें करून दाखविला आहे. जो उत्सव यांना सामावून घेतो तो खरा. जो यांना हटवून त्यांच्या जागीं सुंदर बैठका मांडतो, तो चौक मोकळा करीत नाहीं, केवळ त्याचा मालक बदलतो.

कसोटी शेवटीं ही कीं, नऊ दिवसांनंतर मागें काय राहिलें? काळा घोड्याच्या बाबतींत या प्रश्नाचें उत्तर अगदींच निराशेचें नाहीं. महोत्सवाच्या निमित्तानें उभा राहिलेला पैसा परिसरांतील जुन्या वास्तूंच्या डागडुजीकडे व रस्त्याच्या सुधारणेकडे वळला. २०१७ सालीं तेथें पुन्हां एक काळा घोडा उभारण्यांत आला. यावेळीं त्याच्यावर स्वार नाहीं. लोकांनीं जें नांव आपण होऊन ठेवलें होतें, त्याला दीडशें वर्षांच्या आंतच रूप मिळालें.

त्याच २०१७ सालीं कुलाब्याच्या ससून डॉकमध्यें एक कलाप्रयोग झाला. योगायोग असा कीं, १८७५ सालचा हा डॉकहि पुतळा देणाऱ्या अल्बर्ट ससून यांच्याच पुढाकारानें बांधला गेला होता. एरवीं शहरवासी जेथून नाक दाबून जातात, त्या मासळीच्या बंदरांतील गोदामांत शिल्पें व चित्रें मांडण्यांत आलीं आणि कोळी समाजांतील माणसांचीं भव्य छायाचित्रें भिंतींवर लावण्यांत आलीं. हजारों घरांत रोज मासळी शिजते. ती कोणाच्या हातांतून येते, हें त्या भिंतींनीं दाखविलें. 

आणि उत्सवाचा गाजावाजा नसतांनाहि हें काम होऊं शकतें, याचा दाखला माटुंग्यास आहे. तेथें उड्डाणपुलाखालची अंधारी जागा वाहनें व कचरा यांनीं बळकावली असती. रहिवाशांनीं लक्ष ठेवलें, पाठपुरावा केला आणि २०१६ सालीं त्या पुलाखालीं बाग झाली. तिच्यांतील पायवाट नर्मदेच्या प्रवाहाच्या वळणांवरून आंखली आहे. वर वाहनांचा प्रवाह आणि खालीं सकाळ-संध्याकाळ फिरणारीं माणसें; एकाच जागेचे दोन उपयोग, एकमेकांस न अडवितां.

तेव्हां श्रोतेहो, अशा उत्सवास आपण सहकुटुंब गेलांत तर शिल्पें अवश्य पाहावीं, पण त्याबरोबर कांहीं प्रश्नहि मनांत ठेवावे. येथें न विकत घेतां बसतां येतें काय? सावली आणि पिण्याचें पाणी आहे काय? म्हातारीं माणसें व एकटी स्त्री येथें निर्धास्त आहेत काय? रोज येथें पोट भरणारा माणूस आज कोठें आहे? आणि यांतली एखादी तरी सोय उत्सव उठल्यावर येथें राहील काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें असेल, तर तें महापालिकेच्या आपल्या प्रभागांतील प्रतिनिधीला विचारावें. रस्त्यावरचें एक बाक, एक झाड, एक रुंद पदपथ मिळविणें हें सामान्य नागरिकाच्या आटोक्याबाहेरचें काम नाहीं. माटुंग्याच्या रहिवाशांनीं तें करून दाखविलें आहे. उत्सव आपल्याला एवढेंच दाखवितो कीं, जी जागा नाहींच असें आपण धरून चाललों होतों, ती तेथेंच होती, केवळ तिच्यावर मोटार उभी होती.